ज्याची पट्टी, त्याची बोटं

राणी माशी चिमटायला जोर लागत नाही. डोकं आणि छाती यांच्यामधली बारीक मान अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये आली की एकदाच दाबायचं. टच असा आवाज होतो, भाजलेला तीळ दाताखाली यावा तसा. पाय दोन-चार क्षण चालत राहतात, मग थांबतात. ज्यांना हे वाचवत नसेल त्यांनी इथेच थांबावं, कारण या गोष्टीत राण्या पुष्कळ चिमटल्या जातात, आणि माणसंही.

पाचगणीच्या पूर्वेच्या उतारावर, धावलवाडीच्या माळावर, कंपनीचं राणीघर होतं. साल २०४१. रानातल्या मधमाशा तोवर औषधापुरत्या उरल्या होत्या. डाळिंब, सूर्यफूल, काकडी, कांद्याचं बी, सगळ्यांची भिस्त पेट्यांतल्या पाळीव माशांवर. त्यात उन्हाळे असे तापायला लागले होते, की पूर्वी दोन-तीन वर्षं पेटी सांभाळणारी राणी आता सहा महिन्यांत थकायची. मग नवी राणी विकत आणायची, आणि ती कुठल्याही महिन्यात मिळाली पाहिजे. कंपनीच्या काडेपेटीएवढ्या जाळीदार डबीवर छापलेलंच असायचं, 'बारमाही राणी'.

या बारमाही राण्या आठ बायका मिळून तयार करायच्या. त्यातली वैजयंता गोळे म्हणजे वैजू, वय अडतीस. आणि शालन पार्टे, वय त्रेसष्ट, जिला मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत सगळे आक्का म्हणायचे. बाकीच्या सहाजणींशी आपल्याला कर्तव्य नाही.

काम सांगायला सोपं होतं. राणी आणि कामकरी माशी एकाच जातीच्या अंड्यातून येतात, फरक फक्त खाण्याचा. जी अळी पहिल्यापासून शेवटपर्यंत राजान्नात, म्हणजे तरण्या माशांच्या तोंडून पाझरणाऱ्या दुधासारख्या खाण्यात, लोळली ती राणी, जिला तीन दिवसांनंतर साधं खाणं मिळालं ती कामकरी. म्हणून अंड्यातून निघून एक दिवसही झालेला नाही अशी अळी शोधायची. खसखशीच्या दाण्याहून लहान, पांढऱ्या थेंबात निजलेली. सुईने पाठीखालून अलगद उचलायची आणि मेणाच्या छोट्या वाटीत ठेवायची, त्याच कुशीवर. उलटी पडली तर बुडून मरते. अशा वीस वाट्या एका लाकडी पट्टीवर. पट्टी मग दाईपेटीत, म्हणजे जिची राणी काढून घेतली आहे आणि जी तरण्या माशांनी गच्च भरली आहे अशा पेटीत. त्या पोरक्या माशा अळ्यांना राणी समजून भरवतात. बाराव्या दिवशी राण्या बाहेर.

अळी आठ-दहा तासांनी जून निघाली तरी राणी होतेच. दिसायला फक्कड होते. पण आतून तोकडी. तिच्या पोटात बारीक मोत्याएवढी एक थैली असते, आयुष्यभराचं नराचं बीज साठवायची. राणीचा संसार फक्त एकदा होतो, त्या शिदोरीवर तिने जन्म काढायचा. थैली लहान असली की शिदोरी लवकर सरते, आणि मग ती जी अंडी घालते त्यातून नुसते नर निघतात. नर काम करत नाहीत, हे काय नव्याने सांगायचं? दोन महिन्यांत पेटी बसते.

तर नियम असा, की बाराव्या दिवशी ज्या राण्या वजनाला कमी भरतील त्या जिची पट्टी तिने स्वतः चिमटायच्या. 'ज्याची पट्टी, त्याची बोटं.' हा नियम आक्कानेच वीस वर्षांपूर्वी घातला होता. म्हणायची, "आपल्या हातची चूक आपल्या हातानं निस्तरली की पुढच्या वेळी हात सुधारतो."

आणि दुसरा नियम असा, की आषाढ-श्रावणातल्या पट्ट्यांवर कुणाचं नाव घालायचं नाही. पावसाळ्यात फुलं नाहीत, पराग नाही, दाईपेटीतल्या माशा सोयापिठाच्या वड्यांवर जगतात आणि अळ्यांना पातळ भरवतात. नर उडत नाहीत म्हणून राण्यांना गायी भरवतात तशा प्रयोगशाळेत सुईने नराचं बीज घालून भरवाव्या लागतात. सगळ्यांच्याच राण्या पडेल निघायच्या. मग नावं कशाला ठेवायची? पावसाळा सगळ्यांचा, असं बायका म्हणायच्या आणि त्या दोन महिन्यांत मिळून चिमटायला बसायच्या.

वैजूला सुई धरायला आक्कानेच शिकवलं. एकवीस वर्षांची पोर, आई नाही, सासर कोरडं. तिचं बाळंतपणही आक्काने केलं, राणीघराच्या मागच्या खोलीत, शेक-शेगडीसकट. आक्काला स्वतःचं कुणी नव्हतं. भावांनी कधीच दार लावून घेतलेलं, कंपनीची खोली हेच घर. तेव्हा वैजू तिला आईच्या ठिकाणी मानत होती असं म्हटलं तर त्यात तिखटमीठ काही नाही.

*

त्या वर्षी ज्येष्ठात दोन गोष्टी आल्या. पहिलं आलं ते तपासणी यंत्र. गरोदर बाईची सोनोग्राफी करतात ना, तसलंच, पण ज्वारीच्या दाण्याएवढ्या पोटासाठी. जिवंत राणीची थैली केवढी, अंडी तयार करणाऱ्या नळ्या किती, सगळं मोजून शंभरपैकी गुण द्यायचं. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येकीच्या खुर्चीवर एक कॅमेरा, नुसती बोटं टिपणारा. आणि पावसाळ्यातसुद्धा प्रत्येक पट्टीवर नावाची चिठ्ठी चिकटवायची, असा हुकूम.

हे सगळं घेऊन आले होते डॉक्टर मुजावर. मिरजेकडचे, पस्तिशीचे, माशांचे खरेखुरे जाणकार. बायकांशी अदबीने बोलायचे आणि कुणाचं काही ऐकायचे नाहीत.

"दसऱ्याला गुण बघू," ते म्हणाले. "सगळ्यात कमी असतील त्या ताईंना थांबावं लागेल. कंपनीचा निर्णय आहे, माझा नाही."

वैजूचं लक्ष आक्काकडे गेलं. आक्का हसत होती. पण वैजूला एक गोष्ट माहीत होती जी मुजावरांना नव्हती. आक्काच्या डोळ्याचा पडदा दोन वर्षांपासून विरत चालला होता. साताऱ्याच्या डॉक्टरने हात टेकले होते. आक्का आता अळी बघत नव्हती, अंदाजाने उचलत होती. आणि अंदाज नेहमी मोठ्या अळीकडे जातो, कारण तीच दिसते.

"आक्का, तू सांगून टाक ना सरांना," वैजू म्हणाली. "दुसरं काम देतील. पेट्या साफ करायचं, वड्या थापायचं."

"वड्या थापू?" आक्काने सुई खाली ठेवली. "चाळीस वर्षं राण्या केल्या म्या. आता वड्या थापू? त्यापरीस कड्यावरून ढकल मला."

वैजूने त्या दिवशी ठरवलं. कामाच्या खोलीतून दाईपेट्यांच्या शेडपर्यंत वीस पावलांची पडवी होती. अळ्या सुकू नयेत म्हणून पट्ट्या कोमट ओल्या टॉवेलात गुंडाळून न्यायच्या, आणि आक्काच्या पट्ट्याही वैजूच न्यायची, कारण पडवीच्या पायरीवर आक्का अडखळायची. त्या वीस पावलांत, टॉवेलाच्या आत, वैजूने दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल केली. आपली आक्काच्या पट्टीला, आक्काची आपल्या पट्टीला.

तिचा हिशेब साधा होता. आपलं नाव चैत्रात कमावलेलं आहे, दर वसंतात आपल्याच राण्या पहिल्या. आषाढात थोडं नाव गेलं तर गेलं, पावसाळ्याला कोण विचारतो? तोवर आक्का तरून जाईल. राणीघरात जन्म घालवलेल्या बाईलाच असा हिशेब सुचू शकतो, आणि तिथेच तो चुकला.

*

बाराव्या दिवशी यंत्राने गुण दिले. शालन पार्टे, एक्क्याऐंशी. वैजयंता गोळे, त्रेचाळीस.

"अगं बया!" आक्का म्हणाली आणि तोंडावर हात ठेवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैजू कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली आणि नियमाप्रमाणे आक्काच्या चुका स्वतःच्या बोटांनी चिमटू लागली. वीसपैकी चौदा. टच, टच. तिला वाईट वाटत नव्हतं. उलट आत कुठेतरी गोड वाटत होतं, लेकराला घास भरवून आपण उपाशी राहिल्यासारखं.

आठवड्याला सहा पट्ट्या. श्रावण सरेपर्यंत तिने सहाशेच्या वर राण्या चिमटल्या. अंगठ्याला वास बसला, भाकरी थापताना जाईना. नवरा, संपत, म्हणाला, "हे काय लावलंय? तुझा हात असा कसा बिघडला?" ती म्हणाली, "पावसाळा आहे."

आणि आक्का फुलत गेली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कौतुकाचं असं तूप मिळालं की कुणाचंही अंग धरेल. मुंबईहून पाहुणे आले की मुजावर तिच्या खुर्चीपाशी नेऊन उभे करायचे. एके दिवशी तर ती वैजूच्या मागे येऊन थांबली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वैजे, बोट जड पडतंय तुझं. हलकं ठेव. कितींदा सांगू?"

वैजूने मान डोलावली. बिचारीला काय ठाऊक, असं तिच्या मनात आलं. हा 'बिचारी' शब्द तिने नंतर पुष्कळ वेळा आठवला.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुजावरांनी सगळ्यांना बसवलं. भिंतीवर आलेखाच्या दोन रेघा दाखवल्या, एक वसंताची, एक पावसाळ्याची.

"चैत्रातल्या वजनाच्या जुन्या नोंदी आम्ही बाजूला ठेवल्या," ते म्हणाले. "वसंतात दाईपेटीत राजान्नाचा पूर असतो. अळी थोडी जून असली तरी माशा भरवून भरवून चूक झाकतात. तेव्हा कुणाचाही हात चांगलाच दिसतो. पावसाळ्यात झाकायला काही नसतं. एकेका दिवशीच्या सगळ्या पट्ट्यांची सरासरी प्रत्येकीच्या गुणांतून काढून टाकली की ऋतू वजा होतो. उरतो तो निव्वळ हात."

जो पावसाळा कुणाचाच नव्हता, तोच आता एकटा मोजला जाणार होता.

"तर दोन निर्णय आहेत," मुजावर पुढे म्हणाले. "कंपनी यांत्रिक हात आणतेय. तो माणसाच्या हाताची नक्कल करतो. आपल्याकडे चार महिन्यांचं चित्रण आहे. शालनताईंची बोटं जशी चालली तसं चालायचं, आणि वैजयंताताईंची बोटं जशी चालली तसं कधीच चालायचं नाही, असं त्याला शिकवलंय. चांगल्याइतकंच वाईटही दाखवावं लागतं, म्हणजे तो लवकर शिकतो."

वैजूला हे समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. तिची बोटं, थेंब बघून वय ओळखणारी, अळीला कूस न बदलता उचलणारी, ती आता एका यंत्राच्या पोटात चूक म्हणून नोंदली गेली होती.

"शालनताई विभागाच्या प्रमुख होतील. बाकीच्यांना पेट्यांकडे वळवू. वैजयंताताईंचं काय करायचं ते शालनताईंनी सांगावं. त्यांच्याच शिष्या आहेत."

वैजूने आक्काकडे पाहिलं. आता बोलेल. नाहीतर मी बोलेन. पण मी बोलले तर हिची खोली जाईल, या वयात कुठे जाईल ही?

आक्काने पदर सारखा केला. "हात गेलाय तिचा," ती म्हणाली. "मला बी वाईट वाटतंय, पोटच्या पोरीवानी हाय ती. पण हात गेल्यावर ठेवून काय करायचं? माशा तरी ठेवतात का?"

असं झालं. जाताना आक्काने तिला जांभळाच्या मधाची बाटली दिली आणि पाठीवरून हात फिरवला. वैजू बाटली छातीशी धरून उतार उतरली आणि खालच्या वळणावर, जिथून राणीघर दिसत नाही, तिथे बसून हमसून हमसून रडली. तरीही तिने आक्काला दोष दिला नाही. तिला कुठे माहीत आहे, असंच म्हणत राहिली.

*

यांत्रिक हाताला बायका 'पोपट' म्हणायच्या, कारण तो दाखवलं तेवढंच करायचा. माघ, फाल्गुन, चैत्र, पोपटाने तासाला चारशे अळ्या उचलल्या आणि राण्या उत्तम निघाल्या. निघणारच. वसंत होता, माशा झाकत होत्या. कंपनीने सहा जिल्ह्यांत जुन्या राण्या काढून नव्या घालायला लावल्या. वैजू तोवर भिलारकडे स्ट्रॉबेरीच्या रोपवाटिकेत धुमारे खुडत होती.

मग मृग लागला आणि पोपटाची पावसाळी राणी बाजारात गेली, यंत्राच्या तपासणीशिवायच, कारण पोपट चुकत नाही असं धरून कंपनीने ती बंद केली होती. सांगोल्याकडून पहिली तक्रार आली. डाळिंबाचा मृग बहार फुलला, पण फळ धरेना. पेट्या उघडल्या तर राणी आहे, अंडी आहेत, पण सगळी नरांची. लठ्ठ, गुणगुणणारे, बिनकामाचे नर. कामकरी माशा संपत आलेल्या. आणि दुसरी राणी करायला त्यांच्याकडे एकही मादी अळी नाही. आटपाडी, जत, पंढरपूरच्या अलीकडचा पट्टा, सगळीकडून तेच. श्रावणाच्या मध्यापर्यंत अठ्ठावीस हजार पेट्या बसल्या होत्या.

बातमी ऐकली तेव्हा वैजूच्या हातात भाजी निवडायची होती. तिने ती पूर्ण निवडली. आपण एका म्हातारीची खोली वाचवायला गेलो आणि एवढं मेलं, हे तिला स्वच्छ कळलं. त्या रात्री ती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का दारात. छत्री, चिखलाने भरलेले पाय, दाराची चौकट चाचपत आत आली. डोळे आता जवळजवळ गेलेच होते.

"पाणी दे गं," ती म्हणाली. पाणी प्यायली. मग सरळ मुद्द्यावर. "मुजावर म्हणतोय, पोपटाला पुन्हा शिकवायचं. पावसाळ्यातच, आत्ताच. माझा हात पुन्हा टिपणार. आणि तुझा बी."

"माझा कशाला?"

"वाईट कोणता ते दाखवायला. दोन्ही लागतात म्हणाला." आक्काने पेला खाली ठेवला. "तीन मोठे साहेब येणारेत बघायला. वीस-वीस अळ्या. पट्ट्या पडवीतनं तूच ने. मी सांगितलंय, वैजूशिवाय मला पायरी उतरता येत नाय."

वैजूने रिकामा पेला उचलला.

"तसंच कर," आक्का म्हणाली. "मागच्यावानी."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"तुला माहीत होतं?" वैजूने विचारलं.

"मेण बसवताना पट्टीच्या कडेला मी नख मारते. चाळीस वर्षांची खोड. पहिल्याच बारीला तुझ्या नावाची पट्टी हाती घेतली आन् बोटाला माझ्या नखाची खूण लागली." आक्काच्या आवाजात लाज नव्हती, चोरी नव्हती. सांगायचं म्हणून सांगत होती. "मी म्हटलं, पोरगी करतेय तर करू दे."

"आणि दसऱ्याला? हात गेलाय म्हणालीस ते?"

"मग काय म्हणायला पायजे होतं? तू तिथं राहिली असतीस तर कधी ना कधी बोलली असतीस. तू तरणी हायस. नवरा हाय, घर हाय. माझ्याकडं तेवढा एक हात होता, त्यो गेला. तुझा होता म्हणून तुझा घेतला." मग तिने वैजूचा हात चाचपून धरला. "बाळंतपण केलंय गं म्या तुझं."

वैजूला राग आला, असा की कानशिलं तापली. सहाशे राण्या तिच्या बोटांवर परत आल्या. लोक म्हणतात माणसं माशांसारखी वागतात. खोटं आहे. माशाही राणीला मारतात, तिच्याभोवती गोळा करून, गुदमरवून मारतात, पण मारतात ती निकामी राणी. चांगली असताना तिला कुणी हात लावत नाही. एवढी अक्कल माशीला असते.

"येईन," वैजू म्हणाली.

*

चौघांच्या देखत दोघी शेजारी बसल्या. आक्काने सुई अशी फिरवली की कुणालाही वाटावं, वा! डौल होता, खोटा का होईना. वैजूने वर्षभरात सुई धरली नव्हती, पण पहिली अळी उचलताच बोटांना सगळं आठवलं. तिने वीस अळ्या उचलल्या आणि एकीचीही कूस मोडली नाही. एक साहेब दुसऱ्याच्या कानात म्हणाला, "ही ती चुकीची पद्धत ना?" मुजावर 'हो' म्हणाले. वैजूने ऐकलं.

मग टॉवेल. मग पडवी. अकराव्या पावलाला वैजूने आतल्या आत चिठ्ठीच्या कडेला नख लावलं. कोपरा सुटला. तिने तो पुन्हा अंगठ्याने घट्ट दाबून बसवला आणि चालत राहिली.

"झालं?" आक्काने दाईपेटीपाशी हळूच विचारलं.

"झालं," वैजू म्हणाली.

बारा दिवस आक्काने साहेबांना जुन्या गोष्टी सांगितल्या, चहात आलं घालून पाजलं, प्रमुख म्हणून मिळणाऱ्या नव्या खोलीला खिडकी मागितली. वैजूला तिने एकदा स्वतःच्या हाताने शिरा केला. तो वैजूने खाल्ला.

बाराव्या दिवशी यंत्र लागलं. पडद्यावर आकडे आले. शालन पार्टे, सदतीस. वैजयंता गोळे, शहाऐंशी.

मुजावरांनी चिठ्ठ्या तपासल्या. चित्रण लावलं. मागच्या वर्षीचं काढलं. पुन्हा बघितलं. "आपण," ते म्हणाले, "आपण उलटं शिकवलं." साहेबांतला एकजण फोन घेऊन बाहेर गेला. दुसऱ्याने आक्काकडे बघून मॅनेजरला विचारलं, खोली कधीपर्यंत रिकामी होईल. दबक्या आवाजात वगैरे नाही, सरळ.

आक्काला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. ती उभीच होती. "वैजे," ती म्हणाली. "वैजे, काय केलंस?"

"काहीच नाही केलं," वैजू म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

नियमाप्रमाणे टेबलावर आक्काच्या पट्टीच्या राण्या ठेवल्या गेल्या, वीस डब्या, वीसच्या वीस पडेल. शेजारी वैजूच्या. मुजावर थकल्या आवाजात म्हणाले, "राहू द्या आज. कुणीतरी करेल."

"नियम आहे," वैजू म्हणाली. "ज्याची पट्टी, त्याची बोटं." तिने आक्काला स्टुलावर बसवलं, ते कोपऱ्यातलं स्टूल, आणि स्वतः समोर बसली.

"मला दिसत नाय गं. तू चिमट ना."

"मी देते हातात."

ती एकेक राणी पंखांनी धरून आक्काच्या बोटांत ठेवत गेली. टच. आक्काचा दोनदा नेम चुकला, राणी अर्धी चिरडून वळवळत राहिली आणि वैजूने ती परत तिच्या बोटांत दिली. आठ झाल्यावर आक्का रडायला लागली, आवाज न करता. वैजूने नववी दिली. वैजूला वाटलं होतं की कुठेतरी मध्येच आपलं मन भरून येईल आणि आपण थांबू. पंधरा झाल्या, अठरा झाल्या, तसलं काही आलं नाही. उलट प्रत्येक आवाजाला बरं वाटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. पण हात थांबला नाही.

वीस.

"संपल्या?" आक्काने विचारलं आणि बोटं पदराला पुसली.

वैजूने टेबलाकडे पाहिलं. मग स्वतःच्या पट्टीवरची पहिली डबी उघडली. त्र्याण्णव गुणांची राणी, लांब, भरलेली, मधाच्या रंगाची. तिने ती उचलली आणि आक्काच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मध्ये ठेवली.

"एक राहिली."

आक्काच्या बोटांनी राणी चाचपली. डोळे गेले होते, पण चाळीस वर्षांची बोटं होती. त्यांना वजन कळलं. तिचं रडणं थांबलं. आयुष्यात तिच्या हाताखालून अशा किती गेल्या असतील?

"ही भरलेली हाय," ती कुजबुजली. "ही माझी नाय, वैजे. ही तुझी हाय."

"चिमट," वैजू म्हणाली.

आक्काने थोडा वेळ तोंड वर करून तिच्याकडे पाहिल्यासारखं केलं. मग चिमटली.